घाईने दिलेली साक्ष

सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर मला म्हणाल्या, "एस्तेर, नवीन पेशंट आले की तू त्यांच्याशी बाकावर बसून जे बोलतेस ना, ते जरा लिहून काढ. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील." मी म्हटलं, मला तसं लिहिता येत नाही. त्या म्हणाल्या, "मग कॉलेजात काय करतेस?"

म्हणून लिहिते आहे. मला टीबी झाला होता. औषधांचा कोर्स संपून चार महिने झाले आणि मी बरी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण मी स्वतः असं काही वाचायला घेतलं की पहिल्यांदा शेवटचं पान बघते, माणूस वाचला की नाही ते. टीबीबद्दल डॉक्टर माझ्यापेक्षा नीट सांगतील. मला सांगायचं आहे ते प्रार्थनेबद्दल, कारण या आजारात माझी सगळ्यात मोठी चूक तिथेच झाली. आम्ही ख्रिस्ती आहोत. जे नाहीत त्यांनाही यातलं काही उपयोगी पडेल असं वाटतं, पण तसं ठामपणे सांगायला मी कोण?

कळलं तो दिवस

आम्ही कुरुळीत राहतो. पप्पा जालन्याकडचे. चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर आहेत. मम्मी पॅकिंगच्या कामाला जाते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. खोकला सुरू झाला, तो मी हायवेच्या धुळीवर ढकलला. मग रोज संध्याकाळी ताप यायला लागला. ड्रेस सैल व्हायला लागले, तेव्हा मला आतून बरंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

रिपोर्ट घ्यायला मम्मी सोबत आली होती. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "टीबी आहे. सहा महिने रोज गोळ्या. एकही दिवस चुकवायचा नाही. पूर्ण बरा होतो." एवढ्या चार वाक्यांतलं मम्मीने पहिलंच ऐकलं. ती इकडेतिकडे बघत म्हणाली, "मॅडम, जरा हळू बोला ना." परत येताना तिने मोसंबी घेतली. दाराचं कुलूप काढताना म्हणाली, "गावाकडं कुणी विचारलं तर न्यूमोनिया सांगायचं. तुझं लग्न व्हायचंय अजून."

मला त्या दिवशी मरणाची भीती वाटली नाही. परीक्षेची वाटली. माझं वर्ष गेलं तर पप्पा कंपनीत काय सांगतील? कॅन्टीनमध्ये त्यांनी निम्म्या लोकांकडून माझा बारावीचा निकाल तोंडपाठ करून घेतला होता.

सकाळी सात वाजता

गोळ्या मोठ्या असतात. आधी मी त्या रिकाम्या पोटी घेतल्या की तासभर पोटात ढवळायचं. पहिल्या दिवशी लघवी केशरी झालेली बघून मी बाथरूममधूनच ओरडले. मम्मी धावली, शेजारची काकू धावली, आणि सिस्टरला फोन लावला तर त्या हसत म्हणाल्या, "अगं, सांगायचं राहिलं. औषधाचा रंग आहे तो. घाबरू नकोस." तुम्हाला सांगायचं राहू नये म्हणून इथे लिहिलं.

सुरुवातीचे काही आठवडे घरातही मास्क लावायचा होता. मम्मीने माझं ताट, वाटी, पेला वेगळा काढला. टीबी ताटातून पसरत नाही असं सिस्टरने सांगितलं होतं, पण भीतीला ते कुठे पटतं! दोन दिवस पप्पांनी हे बघितलं. तिसऱ्या दिवशी कामावरून आले, हातपाय धुतले, माझंच ताट पुढे ओढलं आणि त्यात भाकरी कुस्करली. "वाढ," एवढंच म्हणाले. मम्मी रडली, मग तिने त्या ताटात वाढलं. तेव्हापासून वेगळं ताट संपलं.

साखळी

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, लहान आहे. एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये रविवारी उपासना भरते. बहुतेक सगळे कंपन्यांत काम करणारे, कुणी जालन्याचे, कुणी नगरचे. स्त्रियांच्या प्रार्थनेचं सगळं मार्था मावशी बघते. ती माझी सख्खी मावशी नाही, पण मला पाळण्यात बघितलेली आहे. तिला कळल्याबरोबर तिने माझ्यासाठी साखळी प्रार्थना लावली. म्हणजे एकेका घराने दिवसातला एकेक तास वाटून घ्यायचा, आणि त्या तासात त्या घरात माझं नाव घेऊन प्रार्थना व्हायची. शिफ्टला जाणाऱ्यांनी आपले तास आपसांत बदलून घेतले, जशी ड्युटी बदलतात तशी. "माझा पाचचा तास तू धर, मी तुझा आठचा धरते," असे फोन चालायचे. माझ्यासाठी एवढ्या लोकांनी घड्याळं लावली, या विचाराने मला आजही भरून येतं.

माझी स्वतःची प्रार्थना मात्र अर्जासारखी होती. सविनय विनंती अर्ज. प्रभू, मला बरं कर, परीक्षेच्या आत कर, आणि शक्य झाल्यास गावाकडे कळू देऊ नको. आपली विश्वासू. रोज तोच अर्ज. उत्तराची वाट बघत थांबायचंही असतं, हे मला माहीत नव्हतं.

साक्ष

दोन महिन्यांनी थुंकी परत तपासली. जंतू दिसले नाहीत. खोकला गेला होता, ताप गेला होता, वजन वाढलं होतं. सिस्टर म्हणाल्या, "छान. आता पुढचे चार महिने असंच." मी "छान" ऐकलं. मम्मीचीच मुलगी मी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे उपासनेत साक्ष देतात. देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं. मार्था मावशी शनिवारीच घरी आली. "लेकरा, उद्या उभी राहा. देवाचं काम झाकून ठेवायचं नसतं. एवढ्या घरांनी तास दिलेत तुझ्यासाठी."

मी रविवारी उभी राहिले. चार ओळी पाठ केल्या होत्या. मंडळीचे चेहरे बघितले आणि पाठ केलेलं विसरून बोलून गेले, "प्रभूने मला पूर्ण बरं केलं आहे. आता मला काही आजार नाही." हॉल टाळ्यांनी भरून गेला. बायकांनी मिठ्या मारल्या. कुणीतरी खाली जाऊन पेढे आणले. पप्पांचे डोळे भरले. मला इतकं छान आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, बारावीच्या निकालालाही नाही.

सोमवारी सकाळी सात वाजता गोळ्या हातात घेतल्या आणि त्या तोंडाजवळ जाईनात.

मी काल सगळ्यांसमोर सांगितलं होतं, पूर्ण बरी झाले. मग हे काय घेते आहे? गोळी गिळली तर साक्ष खोटी ठरते. साक्ष खोटी म्हणजे देवाच्या नावाने खोटं बोलले. मी गोळ्या कागदात गुंडाळल्या आणि पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकल्या.

इथे एक गोष्ट लिहायलाच हवी. गोळ्या बंद कर, असं मला कुणीही सांगितलं नव्हतं. मार्था मावशीने नाही, आमच्या मंडळीच्या पास्टरांनी नाही. लोक लगेच मंडळीला नावं ठेवतात म्हणून सांगते. ही अक्कल पूर्णपणे माझी.

दोन तासांच्या प्रार्थना

त्यानंतर मी खूप प्रार्थना करायला लागले. आधी दहा मिनिटं, मग तास, मग दोन तास. मोठ्याने. "मी बरी आहे, प्रभू, मी बरी आहे," असं परत परत. थांबले की डब्यातल्या गोळ्या आठवायच्या, म्हणून थांबतच नव्हते. बाहेरून ते फार भक्तीचं दिसत असावं. मम्मी शेजारणीला कौतुकाने सांगायची. पप्पा एकदा दारातून म्हणाले, "का गं माय, देव काय बहिरा हे का?" मला राग आला होता. मनात म्हटलं, यांचा विश्वास कमी आहे.

दहाव्या दिवशी संध्याकाळी अंग कसंतरी झालं. थर्मामीटर लावायचं धाडस झालं नाही. मी आणखी मोठ्याने प्रार्थना केली.

सविताताईंचा प्रश्न

आमच्या रांगेत चौथ्या खोलीत सविताताई राहतात. लातूरकडच्या, नवरा चाकणला लोडिंगवर. त्या ख्रिस्ती नाहीत. त्यांना टीबी निघाला होता आणि माझ्या साक्षीची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती. गुरुवारची स्त्रियांची प्रार्थना आमच्या घरी होती, त्याला त्या आल्या. प्रार्थना झाल्यावर मी चहा टाकायला आत गेले, तर मागोमाग आल्या आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"एस्तेर, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचारा ना."

"तू प्रार्थनेनंच बरी झालीस म्हणतात. मला त्या गोळ्यांनी लई मळमळतंय. लेकराला उचलायची ताकद राहत नाही. मी पण प्रार्थनेलाच येऊ का रोज? गोळ्या सोडल्या तर चालतंय?"

"नाही, नाही, ताई. गोळ्या घ्यायच्या."

"तू घेतीस?"

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला, फडकं शोधलं, ओटा पुसला. मग त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "हो."

आणि तिथेच मला खोकल्याची उबळ आली.

पप्पा

दुसऱ्या दिवशी पप्पा पहिल्या पाळीवरून चार वाजता घरी आले, तेव्हा मी दारातच बसले होते. पावडरचा डबा मांडीवर होता. ते बूट काढत असतानाच सांगून टाकलं, नाहीतर परत हिंमत झाली नसती.

ते एक बूट हातात घेऊन तसेच बसले.

"किती दिस?"

"बारा."

"मम्मीला ठाव हे?"

"नाही."

मला वाटलं आता मारतील. लहानपणापासून कधी मारलेलं नाही, तरी वाटलं. मग ते म्हणाले, "तरीच दोन-दोन तास चाललं होतं. मला वाटलं, पोरगी पास्टर व्हायली."

मला रडता रडता हसू आलं, आणि हसता हसता खोकला.

मग पप्पांनी मला त्यांच्या मशीनबद्दल सांगितलं. प्रेसला दोन बटणं असतात, दोन बाजूंना. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. म्हणजे तो खाली येताना हात आत राहूच नयेत. पण काही जण एका बटणाला चिकटपट्टी लावून ते दाबलेलंच ठेवतात. एक हात मोकळा राहतो, पीस भराभर निघतात. आणि एखाद्या दिवशी बोटं जातात.

"मी मशीनपुढं उभा राहिलो की म्हनतो, बापा, हात सलामत ठेव. एवढीच माझी प्रार्थना. रोजची. आन् मग दोन्ही बटनं दाबतो. पट्टी लावून 'हात सांभाळ' म्हनायला मला लाज वाटंल गं."

माझ्या पप्पांची प्रार्थना तीन-चार शब्दांची आहे म्हणून मी तिला कमी समजत होते. दिवसाचे आठ तास ते ती दोन्ही हातांनी करत होते, हे मला माहीतच नव्हतं.

बूट परत घालून ते म्हणाले, "चल. दवाखाना बंद व्हायच्या आत."

चार दिवस

सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून विचारलं, "देवाने सांगितलं होतं का बंद करायला?"

"नाही."

"डॉक्टरांनी?"

"नाही."

"मग हा तिसरा कोण आहे तुझा?"

पण नंतर त्या गंभीर झाल्या. मध्येच औषध सोडलं की जंतू कधी कधी असे पक्के होतात की नेहमीच्या गोळ्या लागू पडत नाहीत. मग उपचार लांबतो, अवघड होतो. परत थुंकी दिली. त्याच दिवसापासून गोळ्या परत सुरू. रिपोर्ट चार दिवसांनी येणार होता.

घरी जाताना मी आधी सविताताईंकडे गेले. दारात उभी राहूनच सांगितलं की काल मी खोटं बोलले, मी बारा दिवस गोळ्या घेतल्या नाहीत आणि मला परत ताप येतोय. त्यांनी मला आत ओढलं, पाणी दिलं. "बरं झालं बाई सांगितलंस," त्या म्हणाल्या. "मी सोमवारपासून बंद करणार होते." हे वाक्य मला अजून कधी कधी बसमध्ये आठवतं.

त्या चार दिवसांत मला प्रार्थना करताच येईना. तोंड उघडलं की तेच "मी बरी आहे" यायचं आणि मी गप्प व्हायचे. मम्मीने पास्टरांना बोलावलं. ते वयस्कर आहेत, कमी बोलतात. आधी कंपनीत फिटर होते. खुर्चीवर बसले, चहा प्यायले, मग म्हणाले, "तुला भीती वाटतेय, हे देवाला सांगितलंस का?"

"नाही."

"का?"

"अविश्वास झाला असता ना."

"मग दोन-दोन तास त्याच्याशी काय बोलत होतीस?"

मी त्यांचा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला. ते म्हणाले, "आज काही मागू नकोस. बस नुसती. मी पण बसतो." आम्ही बसलो. बाहेरून ट्रक जात होते. शेजारी कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी झाली. पास्टरांचे डोळे मिटलेले होते; झोपलेत की काय अशी मला शंका आली, पण ती बरोबर होती की नाही माहीत नाही. पाच-दहा मिनिटांनी माझ्या तोंडून निघालं, "प्रभू, मला खूप भीती वाटते. आणि तुझ्या नावाने मी खोटं बोलले." बस. त्याच्यापुढे काही नव्हतं. पण कितीतरी दिवसांनी मला वाटलं की समोर कुणीतरी ऐकतंय.

पास्टर उठता उठता म्हणाले, "मागणं वाईट नाही बरं का. मागत जा. फक्त तेवढंच करत बसू नकोस. आणि प्रार्थना झाली की जे आपल्या हातात दिलंय ते करायला उठ."

तेव्हापासून माझं असं चालतं. कोर्स संपेपर्यंत गोळ्या हातात घेतल्या की आधी आभार मानायचे, डॉक्टरांचे, सिस्टरांचे, ज्यांनी ही औषधं शोधली त्या अनोळखी लोकांचे, आणि मग गिळायच्या. बसमध्ये मनातली कुरकुर जशी असेल तशी देवाला सांगायची. कुणासाठी प्रार्थना केली, तर नंतर त्याला फोनही करायचा. आणि दिवसातून थोडा वेळ गप्प बसायचं. हे शेवटचं मला अजून नीट जमत नाही. डोळे मिटले की कॉस्टिंगच्या पेपरचा विचार येतो. तोही मग मी देवाला सांगते.

रिपोर्ट चांगला आला. नेहमीच्याच गोळ्या चालणार होत्या. जितके दिवस बुडाले तितके शेवटी वाढवून मिळाले. मम्मीने दवाखान्याच्या बाहेरच मोठ्याने विचारलं, "म्हणजे माझ्या पोरीचा टीबी बरा होणार ना?" चार माणसांनी वळून बघितलं. तिला चाललं.

परत उभी राहिले

पण मंडळीला मी जे सांगितलं होतं, ते तसंच राहिलं होतं. ती साक्ष दुसऱ्या कुणाच्या तरी दारात, सविताताईंसारख्याच एखाद्या बाईपर्यंत पोचली असेल, याने मला चैन पडेना. पास्टर म्हणाले, "सांगायलाच पाहिजे असं नाही. पण सांगावंसं वाटत असेल तर रविवार आहेच."

त्या रविवारी मी उभी राहिले. काहीच पाठ केलं नव्हतं. सविताताई शेवटच्या रांगेत दाराजवळ बसल्या होत्या, मांडीवर मुलगा.

मी म्हटलं, "मागची साक्ष मी घाईने दिली होती. देव मला बरं करतो आहे, पण अजून काम चालू आहे. साक्ष खरी दिसावी म्हणून मी बारा दिवस औषध सोडलं, आणि परत आजारी पडले. तुम्ही माझ्यासाठी तास दिले. त्या प्रार्थना वाया गेल्या नाहीत. त्या प्रार्थनांचं उत्तर मला रोज सकाळी स्ट्रिपमध्ये मिळत होतं, आणि मी ते डब्यात लपवत होते. मला क्षमा करा."

टाळ्या नाहीत. पंखे फिरत होते. कुणाचं तरी बाळ रडलं. मी मार्था मावशीकडे बघायचं टाळत होते. मला पाळण्यात बघितलेल्या बाईला मी सगळ्यांसमोर खाली बघायला लावलं, असं वाटत होतं.

पास्टरांनी विचारलं, "मग आज मंडळीने तुझ्यासाठी काय मागायचं, एस्तेर?"

मी म्हटलं, "उरलेल्या पावणेचार महिन्यांत माझा एकही दिवस चुकू नये, एवढंच."

त्यांनी तेवढीच प्रार्थना केली. आमच्या हॉलमध्ये झालेली ती सगळ्यात छोटी प्रार्थना असेल. सगळे "आमेन" म्हणाले, आणि त्या आमेनच्या मागून मार्था मावशीचा आवाज आला, तिला वाटलं तेवढा हळू नव्हता तो: "आणि प्रभू, माझाही."

सगळ्यांनी वळून बघितलं. मावशीचा चेहरा लाल झाला होता. "बघता काय? बीपी आहे मला," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. घेते कधी, विसरते कधी. मुद्दाम पण विसरते. कुणाला सांगायची लाज वाटायची, स्त्रियांच्या प्रार्थनेची पुढारी आणि गोळ्या खाते म्हणून."

आधी पप्पा हसले. मग पास्टर. मग सगळा हॉलच हसायला लागला आणि मावशी पदराने डोळे पुसत स्वतः हसली. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "मावशी, मला शुगर आहे!" दुसऱ्या बाजूने आवाज आला, "थायरॉईड!" उपासना संपली तेव्हा जिन्यात गर्दी होती आणि लोक चक्क एकमेकांना गोळ्यांच्या वेळा विचारत होते.

मावशीने मला जिन्यातच गाठलं. मला वाटलं रागावणार. तिने पर्स उघडली, रुमालात गुंडाळलेली स्ट्रिप काढली, एक गोळी तळहातावर घेतली आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या देखत म्हणाली, "लेकरा, पाण्याची बाटली दे तुझी. सकाळची राहिलीय."